निबंधमाला : एका माणसाच्या मासिकाचा व्यवहार

विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमालेविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे. त्यातले बहुतेक लेखन तिच्या विचारांविषयी आहे : शास्त्रीबोवांचा स्वाभिमान, इंग्रजी विद्येचे त्यांनी केलेले मूल्यमापन, समाजसुधारकांवरील त्यांचे प्रहार. मालेचा व्यवहार मात्र फारसा कोणी तपासलेला नाही. २५ जानेवारी १८७४ रोजी पुण्यात, वयाची चोविशी अद्याप न गाठलेल्या एका शिक्षकाने एक मासिक सुरू केले. त्यातील जवळजवळ सर्व मजकूर तो स्वतः लिहीत असे. १८८१ पर्यंत त्याचे ८४ अंक निघाले. हे कसे जमले, कोठे अडले आणि त्याची किंमत काय पडली, हे पाहण्यासाठी हा लेख आहे.

हा प्रश्न मला सुचला तो व्यवसायामुळे. बेळगाव, निपाणी, खानापूर या भागांतील आणि क्वचित गोव्यातील तरुण मंडळी अधूनमधून विचारायला येतात की, स्वतःचे एखादे छोटे मासिक किंवा पत्रक काढायचे असेल तर कायद्याने काय करावे लागते. कायद्याचे उत्तर पंधरा मिनिटांत देऊन होते. मजकूर कोठून आणायचा, किती दिवसांनी काढायचे, पैसे कोठून येणार, नोकरी सांभाळून हे होईल काय, हे खरे प्रश्न त्यानंतर सुरू होतात. यांची उत्तरे कोणत्याही अधिनियमात नाहीत. एकोणिसाव्या शतकातील नियतकालिकांच्या इतिहासात मात्र ती बरीच सापडतात.

निबंधमालेआधी मराठी लेखकाला आपले विचार छापून आणायचे, तर तो बहुधा दुसऱ्याच्या दारी जाई. गोपाळ हरी देशमुखांची 'शतपत्रे' याचे सर्वांत ठळक उदाहरण. १८४८ ते १८५० या काळात 'लोकहितवादी' या नावाने त्यांनी लिहिलेली १०८ पत्रे भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' या साप्ताहिकात आली. देशमुख सरकारी नोकरीत होते. टोपणनाव आणि दुसऱ्याचे पत्र, असा दुहेरी आडोसा त्यांनी घेतला होता. या व्यवस्थेत सोय मोठी असते. छपाई, वितरण, वर्गणी यांचा भार दुसऱ्यावर, आणि लेखकाने फक्त लिहायचे. पण घर दुसऱ्याचे असते. यजमानाने दार लावले की पाहुण्याला उठावेच लागते.

हा धडा विष्णुशास्त्र्यांना घरातच मिळाला होता. त्यांचे वडील कृष्णशास्त्री 'शालापत्रक' चालवीत. ते शिक्षणखात्याचे मासिक होते. पुढे विष्णुशास्त्री त्यात लिहू लागले. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू आणि दंडी यांच्यावरील त्यांचे प्रसिद्ध लेख मूळचे त्यातलेच. पुढे शालापत्रकातून मिशनऱ्यांवर आणि सरकारी धोरणावर टीका होऊ लागली, आणि १८७५ साली सरकारने ते बंद करून टाकले. त्यासाठी कोर्टकचेरीची गरज पडली नाही. मालकाने आपली वस्तू बंद केली, एवढेच. निबंधमाला त्याआधी एक वर्ष निघाली होती आणि तिचे मालक लेखक स्वतः होते, म्हणून ती चालू राहिली. संस्थेच्या मुखपत्रात लिहिणाऱ्या आजच्या लेखकानेही, संस्थेशी मतभेद झाला तर आपल्या लेखनाचे काय होईल, हे आधी विचारून ठेवावे. विचारताना संकोच वाटतो खरा. पण मतभेद झाल्यावर विचारण्यापेक्षा तो बरा.

भागीदारीतही हेच घडते. गोपाळ गणेश आगरकर १८८१ पासून 'केसरी'चे संपादक होते. सामाजिक सुधारणेविषयीची त्यांची मते सहकाऱ्यांना मानवेनात, तेव्हा १८८७ साली त्यांनी ते पद सोडले आणि १५ ऑक्टोबर १८८८ रोजी 'सुधारक' काढले. एका ध्येयाने जमलेल्या, एकमेकांवर प्रेम करणाऱ्या माणसांचेही एका पत्रात भागले नाही, ही गोष्ट भागीदारीत मासिक काढू पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता मालेच्या घडणीकडे पाहू. विष्णुशास्त्र्यांनी बातम्यांच्या वाटेला जाण्याचे टाळले. बातमी देण्यास माणसे लागतात, गती लागते, आणि ती दुसऱ्या दिवशी शिळी होते. एकट्या माणसाला ते झेपत नाही. त्यांनी निबंध हा प्रकार निवडला, आणि विषय मोठा असल्यास तो अनेक अंकांतून क्रमशः चालविला. यात एक व्यावहारिक शहाणपण आहे. पुढच्या अंकाचा विषय आधीच्या अंकातच ठरलेला असतो, आणि वाचकही पुढील भागाची वाट पाहतो. इंग्रजी साहित्यातील आदर्श त्यांच्यासमोर होतेच. डॉ. जॉन्सन त्यांचे आवडते. जॉन्सनच्या 'रासेलस'च्या भाषांतरात त्यांचा हात होता, आणि मालेत जॉन्सनवर त्यांनी विस्ताराने लिहिले. जॉन्सनने १७५० ते १७५२ या दोन वर्षांत 'रॅम्बलर' हे पत्रक आठवड्यातून दोनदा काढले आणि त्याचे २०८ अंक जवळजवळ एकट्याने लिहिले. शास्त्रीबोवांनी आठवड्यातून दोनदाचा हा वेग उचलला नाही. दिवसा शाळेत शिकवणाऱ्या माणसाने महिन्यातून एकदा काढावे, हा हिशेब त्यांनी बरोबर केला होता.

तरीही तो हिशेब पूर्णपणे पाळला गेला नाही. ८४ अंक म्हणजे बारमाही गणिताने नेमकी सात वर्षे. जानेवारी १८७४ पासून मोजली तर ती १८८० च्या अखेरीस पूर्ण व्हायला हवीत. माला १८८१ मध्येही चालूच होती. म्हणजे अंक मागे पडले होते. त्यात नवल नाही. त्याच काळात शास्त्रीबोवांच्या अंगावर आलेल्या कामांची नुसती यादी पाहावी : १८७८ मध्ये काशीनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह 'काव्येतिहाससंग्रह', त्याच वर्षी चित्रशाळा, शिवाय पुस्तकांचे दुकान, १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल, आणि जानेवारी १८८१ मध्ये 'मराठा' व 'केसरी' ही दोन पत्रे. १७ मार्च १८८२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते वारले. मासिक काढणाऱ्या हौशी माणसाकडून पहिल्या वर्षी पाक्षिकाची, दुसऱ्या वर्षी छापखान्याची आणि तिसऱ्या वर्षी शाळेची भाषा ऐकू येते, तेव्हा मला ही यादी आठवते. मासिक उशिरा निघाले तरी चालते. आधी जाहीर केलेल्या तारखेला वारंवार चुकणे मात्र वाचकाला खुपते. द्वैमासिक म्हणून जाहीर करून दोन महिन्यांनी काढणे, हे मासिक म्हणवून दोन महिन्यांनी काढण्यापेक्षा केव्हाही चांगले.

नोकरीचा प्रश्न यातच गुंतलेला आहे. विष्णुशास्त्री सरकारी शाळेत शिक्षक होते. १८७८ मध्ये त्यांची बदली रत्नागिरीस झाली. १८७९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. बदलीचे कारण कोणतेही असो, मालेसारखे मासिक चालविणाऱ्याला पुण्याबाहेर काढणे म्हणजे त्याचा छापखाना, ग्रंथसंग्रह आणि मित्रमंडळ यांपासून त्याला तोडणे होते. सरकारी सेवेतील लेखकाची ही अडचण पुढेही संपली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढले, तेव्हा ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात सरकारी प्राध्यापक होते. म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. आजच्या शिक्षकाने वा कारकुनाने आपल्या सेवेचे वर्तणूक नियम आधी वाचावेत. साहित्यिक स्वरूपाच्या लेखनाला बहुतेक नियमांत मोकळीक असते. शासनाच्या धोरणावरील टीकेला ती नसते. सीमाभागात भाषेविषयी लिहिताना ही रेषा कधी ओलांडली गेली हे कळतही नाही. कुणाच्या तरी विश्वासू आणि स्वतंत्र व्यवसाय असलेल्या माणसाच्या नावाने नियतकालिक नोंदविणे हा जुना मार्ग आजही खुला आहे. पण ज्याचे नाव छापले जाते तो कायद्यापुढे खरोखर जबाबदार असतो, हे त्या माणसाला नीट समजावून सांगितले पाहिजे. नाव उसने देणारे पुष्कळ भेटतात. समन्स आल्यावर ते भेटत नाहीत.

एकट्या माणसाच्या मासिकाचे सर्वांत मोठे दुबळेपण वेगळेच आहे, आणि निबंधमालेत ते स्पष्ट दिसते. तिला संपादक नव्हता. लेखक होता, मालक होता. पण 'हे छापू नये' असे म्हणणारा कोणी नव्हता. मराठी भाषेची सांप्रतची स्थिती या विषयावरील पहिला निबंध, किंवा ग्रंथ आणि कविता यांवरील लेख वाचताना हे जाणवत नाही. तेथे एकाच मनाची सलगता हा गुणच ठरतो. परंतु जोतीराव फुल्यांवर आणि सत्यशोधक समाजावर लिहिताना लेखणी थट्टेकडे आणि जातीच्या तुच्छतेकडे घसरली. फुल्यांच्या मराठीच्या व्याकरणाची टिंगल करण्यात मालाकारांनी जी पाने खर्च केली, त्यांतून फुल्यांनी विचारलेल्या एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. शेतकऱ्याची मराठी ही अशुद्ध मराठी, हा समज मराठी सुशिक्षितांमध्ये रुजविण्यात त्या पानांचा वाटा आहे असे माझे मत आहे. त्याची झळ आमच्या भागाला अधिक लागते. कारण कन्नडच्या शेजाराने घडलेली आमची बोलीही त्याच काट्याने तोलली जाते. लोकहितवादींवरील टीकाही अशीच एकतर्फी आहे. छापण्यापूर्वी लेख वाचून 'हा परिच्छेद काढ' म्हणणारा एक मित्र प्रत्येक एकहाती नियतकालिकाला हवा, आणि तो शक्यतो आपल्या जातीचा, आपल्या पक्षाचा व आपल्या गल्लीतला नसावा.

फुल्यांच्या बाजूनेही याच काळात स्वतंत्र पत्रे उभी राहत होती. कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी 'दीनबंधू' सुरू केले. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईहून चालविले. स्वतः फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार' नावाच्या छोट्या पुस्तिकांचे दोन अंक काढले. ताराबाई शिंदे यांच्या १८८२ च्या 'स्त्रीपुरुषतुलना' या पुस्तकावर चहूकडून टीका होत असता फुल्यांनी त्यांची बाजू घेतली ती 'सत्सार'मधूनच. नियमित अंक, वर्गणीदार, कचेरी यांपैकी काही नसताना दोन अंकही पुरतात, याचे हे उदाहरण आहे. सांगण्यासारखे असेल तेव्हा काढावे. नसेल तेव्हा गप्प राहावे.

पैशाचा विषय थोडक्यात. १८५४ पासून देशभर अंतर न पाहता एकच टपालदर लागू झाला होता, आणि पुण्यात छापलेला अंक बेळगाव, बडोदे, इंदूर वा हैदराबाद येथील मराठी घरात पोहोचविणे त्यामुळेच शक्य झाले. अडचण उलट दिशेने होती : वर्गणी परत कशी यायची? व्ही. पी. ची सोय १८७७ मध्ये आणि टपालखात्याची मनिऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली. म्हणजे मालेच्या आयुष्याचा बहुतेक काळ ही साधने नसताना गेला. जुन्या नियतकालिकांत वर्गणी थकविणाऱ्यांना केलेल्या विनवण्या वारंवार दिसतात, त्यांमागे ग्राहकांचा आळस होताच, पण ही गैरसोयही होती. आज ती सबब उरलेली नाही. आळस आहे.

याहून कठीण दारिद्र्य 'मूकनायक'चे. राजर्षी शाहू महाराजांनी त्यास २,५०० रुपयांचे साहाय्य केले. तरी १९२३ मध्ये ते बंद पडले. त्याची पैसे भरून द्यावयाची जाहिरातही 'केसरी'ने नाकारली होती. ३ एप्रिल १९२७ रोजी आंबेडकरांनी 'बहिष्कृत भारत' काढले. महाडचा सत्याग्रह, वकिली आणि अध्यापन सांभाळून त्याचे रकानेच्या रकाने ते स्वतः लिहीत असत. १९२९ मध्ये तेही बंद झाले. लेखकाची शक्ती आणि विषयाची निकड यांत कोणतीही उणीव नव्हती. ज्या समाजासाठी पत्र होते त्याच्याजवळ वर्गणीला पैसा नव्हता, आणि ज्यांच्याजवळ होता त्यांना ते नको होते. म्हणून खर्चाचा अंदाज मांडताना वर्गणीची रक्कम शून्य धरावी, असा सल्ला मी देत आलो आहे. एक वर्षाचे अंक स्वतःच्या खिशातून निघत असतील तरच पहिला अंक छापावा.

आता कायदा. १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी अधिनियमाने प्रत्येक छापील कागदावर मुद्रक, प्रकाशक आणि मुद्रणस्थळ यांचा उल्लेख बंधनकारक केला, आणि सार्वजनिक घडामोडींवर लिहिणाऱ्या नियतकालिकाच्या मुद्रक-प्रकाशकांनी दंडाधिकाऱ्यासमोर प्रतिज्ञापन करावे असे ठरविले. हा कायदा दीडशे वर्षांहून अधिक चालला. २०२३ च्या नव्या अधिनियमाने तो मागे सारला, आणि १ मार्च २०२४ पासून नोंदणीचे अर्ज संगणकीय पद्धतीने होतात. वार्ता वा वार्तांवरील भाष्य नियमितपणे छापणाऱ्या नियतकालिकास नोंदणी आवश्यक आहे. निव्वळ पुस्तक अथवा शास्त्रीय संशोधनपत्रिका या व्याख्येत येत नाही. शीर्षकाची मंजुरी मिळेपर्यंत अंक छापू नये आणि त्या नावाची पाटीही रंगवू नये.

मालेच्या काळातच, १८७८ साली, देशी भाषांतील वृत्तपत्रांचा अधिनियम आला. त्याने दंडाधिकाऱ्याला जामीन मागण्याचा आणि छापखाना जप्त करण्याचा अधिकार दिला, व त्याविरुद्ध न्यायालयात अपील ठेवले नाही. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. एकच मजकूर इंग्रजीत निर्दोष आणि मराठीत सदोष ठरावा, अशी ही व्यवस्था होती. कलकत्त्याची 'अमृतबझार पत्रिका' बंगालीतून तडकाफडकी इंग्रजीत गेली ती यामुळेच. रिपनच्या कारकीर्दीत हा अधिनियम रद्द झाला. भाषा पाहून हक्क मोजण्याची ही पद्धत सीमाभागातील वाचकांना अपरिचित नाही. परंतु तो विषय निराळा.

नव्या संपादकाने जास्त बारकाईने वाचावे असे प्रकरण १८८२ चे आहे. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होत असल्याचा आरोप दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर होता. बर्व्यांची म्हणून काही पत्रे 'केसरी' आणि 'मराठा' यांच्या हाती आली व त्यांच्या आधारे लेख प्रसिद्ध झाले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली, आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते सुटले. त्यांचा हेतू शुद्ध होता याविषयी तेव्हाही कोणाला शंका नव्हती. शुद्ध हेतू मात्र कागदाचा खरेपणा सिद्ध करीत नाही. आमच्याकडेही कार्यालयीन टिपणांच्या छायाप्रती, परिपत्रकांचे फोटो, कोणा अधिकाऱ्याचे म्हणून पत्र, असे कागद चळवळीतील माणसाकडे सतत येत असतात. मूळ प्रत पाहिल्याशिवाय, अथवा माहिती अधिकारात साक्षांकित प्रत मिळविल्याशिवाय, असा कागद छापू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही जुने तत्त्व कायम आहे : मजकूर खरा असणे पुरेसे नाही, त्याचे प्रकाशन सार्वजनिक हिताचे असल्याचेही दाखवावे लागते.

भाषेच्या निवडीबाबत एक सूचना. ती काही वाचकांना रुचणार नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले ते दोन स्तंभांत, एक मराठी व दुसरा इंग्रजी. राज्यकर्त्यांनीही वाचावे हा त्यामागील हेतू होता. गोव्यात १८७२ मध्ये निघालेले 'देशसुधारणेच्छु' मराठी आणि पोर्तुगीज अशा दोन भाषांत होते. परराज्यातील मराठी माणसाने स्वतःपुरते लिहावे आणि आपल्याच माणसांनी ते वाचावे, या वर्तुळाबाहेर पडण्याचा तो प्रयत्न होता. बेळगावात आज कोणी मराठी मासिक काढीत असेल तर शेवटचे एक पान कन्नड सारांशाला द्यावे असे मला वाटते. आपले म्हणणे शेजाऱ्याला आणि जिल्हा कचेरीतील अधिकाऱ्याला त्यांच्या भाषेत कळले, तर मराठीची बाजू दुबळी होत नाही. आपल्याविषयी दुसऱ्याने केलेल्या विपर्यस्त भाषांतरापासून मात्र बचाव होतो.

शेवटी जतनाविषयी. मालेचा अखेरचा निबंध 'आमच्या देशाची स्थिती'. लेखकाच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनी, १९१० मध्ये, सरकारने तो जप्त केला. १९३७ मध्ये बंदी उठली, आणि तो पुन्हा छापता आला, कारण अंक लोकांच्या घरी आणि ग्रंथालयांत बांधून ठेवलेले होते. सीमाभागातील आणि दूरच्या मराठी वस्त्यांमधील कितीतरी लहान पत्रांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. १९५४ चा ग्रंथ-प्रदान अधिनियम, १९५६ च्या दुरुस्तीने नियतकालिकांनाही, प्रत्येक अंकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठविण्याचे बंधन घालतो. कलकत्त्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमरा, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय हे ते चार पत्ते. टपालखर्च फार नाही. पाचवी प्रत आपल्या गावातील वाचनालयाला द्यावी, आणि तिची पोच लेखी घ्यावी.